इतर – ३५ : ट्रंकेतली लहानपणीची सहल कशी उलगडायची आणि कशी जपायची

माहेरी परभणीला माळ्यावर एक हिरवी पत्र्याची पेटी होती. मागच्या दिवाळीत ती खाली काढली, तर आई म्हणाली, "कशाला उचकायलीस ते? रद्दीच हाय सगळी." त्या रद्दीत निघालं ते असं: चिकट पानांचा एक अल्बम, निगेटिव्हच्या पट्ट्या, मुंबईच्या लोकलची शिक्का मारलेली कुपनं, बोटीच्या तिकिटाचं चिटोरं, एक रबरी डायनासोर, डोळ्याला लावून आतला फोटो बघायची इवलीशी कीचेन, दादाचा टी-शर्ट आणि नानांची, म्हणजे वडिलांची, खर्चाची वही. साल २००२, महिना मे. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने आम्ही चौघं मुंबईला गेलो, डोंबिवलीला आत्याकडे राहिलो आणि एक अख्खा दिवस एस्सेलवर्ल्ड या पाळण्यांच्या पार्कमध्ये घालवला. वहीत त्या दिवसाच्या हिशेबाची शेवटची ओळ होती, "इतर – ३५".

हे पस्तीस रुपये कशाचे, हे शोधता शोधता मी ती सगळी पेटी लावली. त्यात बऱ्याच चुका केल्या, काही वस्तू कायमच्या बिघडवल्या. तुमच्याही घरात अशी पेटी, सुटकेस किंवा मिठाईचा डबा असणार. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्या घरांत बहुतेक हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीच्या वस्तू निघतील, ती १९९६ पासूनची. संभाजीनगर, जालन्याकडे पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानातले, नाचत्या कारंज्यासमोर डोळे मिटलेले फोटो हमखास असतात. धाकट्या पिढीच्या कप्प्यात खोपोलीच्या इमॅजिकाची तिकिटं असतील, ते २०१३ चं. पार्क कुठलंही असो, काम तेच.

आणि हे काम पुढे ढकलू नका. दिल्लीचं अप्पू घर १९८४ ला सुरू झालं आणि २००८ ला बंद पडलं. तिथली तिकिटं आज मिळाली तर कोणाच्या तरी ट्रंकेतच मिळायची. पार्क बंद होतात, आणि घरात ती सहल आठवणारी माणसंही कमी होत जातात. आमचे नाना तीन वर्षांपूर्वी गेले. वही त्यांची, आणि विचारायला तेच नाहीत.

आधी लिहायचं, मग पुसायचं

बहुतेक जण पेटी उघडली की पहिल्यांदा धूळ झटकतात, नको ते फेकतात, उरलेलं स्कॅन करतात आणि "आठवणी लिहू कधीतरी" म्हणून सोडून देतात. हा क्रम पूर्ण उलटा करा. आधी लिहा, मग साफ करा, मग स्कॅन करा आणि टाकायचं ते सगळ्यात शेवटी टाका. कारण सोपं आहे. बोटीचं चिटोरं तेवीस वर्षं टिकलंय, ते आणखी पंधरा दिवस टिकेल. ते कोणी, का ठेवलं हे ज्याला माहीत आहे त्याची खात्री देता येत नाही.

पेटी ज्या क्रमाने रचलेली आहे त्याच क्रमाने वरून खाली फोनवर फोटो काढत चला. कशावर काय ठेवलंय यातही माहिती असते. आमच्या पेटीत लोकलची कुपनं वहीच्या पानांत होती, म्हणजे नाना प्रवासातच हिशेब लिहीत होते. मी आधी सगळं जमिनीवर ओतलं असतं तर हे कळलं नसतं.

मग वस्तूंचे ढीग लावा, पण ते प्रकाराप्रमाणे लावू नका. फोटो एकीकडे, तिकिटं एकीकडे असं करायचा मोह होतो, कारण ते नीटनेटकं दिसतं. ढीग सहलीप्रमाणे लावा. २००२ ची मुंबई एक ढीग, त्यात तिकीटही आणि टी-शर्टही. कुठल्या सहलीचं ते कळत नसेल तर "माहीत नाही" असा वेगळा ढीग. तो मोठा झाला तरी घाबरू नका, पुढच्या पायरीला तो अर्ध्यावर येतो.

प्रत्येक वस्तूला एक कागदी चिठ्ठी: काय, कुठलं, अंदाजे कधी, कोणाकडून कळलं. शेवटचं विसरू नका. "आई म्हणते" आणि "दादा म्हणतो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिठ्ठी वस्तूला टाचणी, स्टेपल किंवा सेलोटेपने लावू नका. लोखंड गंजतं आणि टेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. चिठ्ठी नुसती सोबत ठेवा, एकाच पाकिटात. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. नव्वदनंतरच्या बऱ्याच फोटोंची पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उठत नाही. तिथे जोर करू नका, चिठ्ठीच बरी.

आईला काय विचारायचं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. हे काम स्वयंपाकघरात, शेंगा फोडताना नाहीतर गहू निवडताना होतं. समोर अल्बम उघडून फोन टेकवून ठेवायचा, आईला सांगून रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि आपण कमी बोलायचं.

"सहल कशी होती?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "चांगली होती की." झालं, संपलं. "मजा आली का?" यालाही तेच. बारीक, हाताला लागेल असं विचारा. डबा कुठे खाल्ला? कोणाच्या पायाला चप्पल लागली? रात्री गाडीत खालच्या बर्थवर कोण झोपलं? पिशव्या कोणाकडे होत्या? घरी आल्यावर पहिल्यांदा काय रांधलं? आईला पाळण्यांची नावं एकही आठवली नाहीत. पण धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कुठल्या फडक्यात बांधली होती ते आठवलं, आणि मार्वेच्या जेट्टीवर बोटीची वाट बघत ती शिदोरी संपवली हेही आठवलं. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये गोराईला सुरू झालं, तिथे जायला मार्वेहून खाडी ओलांडावी लागायची. आमच्यापैकी कोणीच त्याआधी बोटीत बसलेलं नव्हतं. आईच्या मते सहल म्हणजे ती बोटच. "बाकी पाळणे तर जत्रेत बी असतेत," ती म्हणाली.

आमच्याकडच्या माणसांच्या पार्कच्या आठवणीत पार्क जेमतेम चार आणे असतं, बाकी बारा आणे प्रवास असतो. म्हणून पार्कचं रंगीत तिकीट ठेवून रेल्वेचं, लोकलचं, एसटीचं तिकीट टाकून देऊ नका.

दुसरा प्रश्न हमखास विचारा: या फोटोत कोण नाही? आमच्या अल्बममधल्या एकाही फोटोत नाना नाहीत. छत्तीस फोटोंचा रोल, तो जपून वापरायचा आणि कॅमेरा त्यांच्याच गळ्यात. पण एका फोटोत आमच्या पायांशी त्यांची लांब सावली पडली आहे. ती मला तेवीस वर्षांत कधी दिसली नव्हती, आईने बोट ठेवलं तेव्हा दिसली. त्या फोटोच्या चिठ्ठीवर आम्ही चार नावं लिहिली.

भावंडांना वेगवेगळं विचारा. एकत्र बसवलं की मोठ्याचीच आठवण खरी ठरते.

अल्बम सोडवताना

आता हात लावायचं काम. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, तेल-क्रीम नको. फोटो कडेने धरा.

ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघर आलेले चिकट पानांचे अल्बम, ज्यात पारदर्शक कागद उचलून फोटो चिकटवायचा, हे फोटोंचे मोठे वैरी. त्यातला डिंक काळाने पिवळा आणि कडक होतो, फोटो पानाला धरून बसतो. नखाने किंवा सुरीने उचकटू नका, कोपरा फाटतो. पातळ रेशमी दोरा किंवा दात साफ करायचा बिनमेणाचा फ्लॉस घ्या, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू मागेपुढे करत दुसऱ्या टोकाला न्या. नाहीच सुटला तर सोडून द्या. पानासकट त्याचा फोटो काढा आणि अल्बम तसाच ठेवा. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा देऊन फोटो सोडवायचा सल्ला मला दोघांनी दिला होता. मी दिली, आणि एका फोटोच्या कडा कायमच्या वळल्या.

सुटणार नाहीत अशी शंका असलेले फोटो सोडवण्याआधीच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर सोडवूच नका, काचेसकट स्कॅन होतो. दोन फोटो एकमेकांना चिकटलेले असतील आणि ते स्टुडिओत रोल धुऊन काढलेले जुने प्रिंट असतील, तर शेवटचा उपाय म्हणून थंड डिस्टिल्ड पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवता येतात. बहुधा आपोआप सुटतात. मग चेहरा वर करून स्वच्छ सुती कापडावर, सावलीत वाळवायचे. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात टाकले की शाईच वाहून जाते. आधी सगळ्यात कमी महत्त्वाच्या जोडीवर करून बघा.

निगेटिव्ह फेकू नका. लोक फोटो ठेवतात आणि नारिंगी पट्ट्या टाकून देतात, खरं तर मूळ तीच आहे. फोटोचा रंग उडाला तरी निगेटिव्हवरून पुन्हा चांगला प्रिंट निघू शकतो. पट्टीची कडच धरायची, बोटाचा ठसा मधल्या भागावर उठला तर जात नाही.

लॅमिनेशन नको

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. मुलांना घेऊन आम्ही इमॅजिकाला गेलो होतो, ते तिकीट दहा वर्षांनी माझ्या पेटीत असावं म्हणून मी गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करायला दिलं. बाहेर आलं ते काळंकुट्ट. हल्लीची बरीचशी तिकिटं आणि पावत्या थर्मल कागदावर असतात. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेने कागदाचा थरच काळा होतो. लॅमिनेशनच्या यंत्रात कागद तापतो, म्हणून अख्खं तिकीट काळं पडलं.

थर्मल कागद ओळखायचा तर मागच्या रिकाम्या कोपऱ्यावर आणि पुढच्याही कोपऱ्यावर नखाने हलकी रेघ ओढा. एका बाजूला करडी रेघ उमटली तर तो थर्मल. ते तिकीट आजच स्कॅन करा, कारण उन्हात, उष्णतेत, प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि हाताच्या तेलाने ते फिकं होतंच. नुसतं ठेवलं तरी काही वर्षांत कोरा कागद उरतो. जुन्या रेल्वे आरक्षणाची तिकिटं आणि जाड पुठ्ठ्याची तिकिटं शाईची असल्याने टिकतात. तरीही लॅमिनेशन त्यांनाही नको. एकदा केलं की उलगडत नाही, आणि आत चिकटलेला कागद पुन्हा कधी हाताला लागत नाही.

स्कॅन

सपाट काचेवर फोटो ठेवायचा फ्लॅटबेड स्कॅनर मिळाला तर उत्तम. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन केला की २४०० बाय ३६०० ठिपक्यांची प्रत मिळते. ३०० डीपीआयला लांबी-रुंदी त्याच्या निम्मी, जी फोनवर बघायला पुरते, पण चेहरा मोठा करून बघायला अपुरी. टीआयएफएफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल प्रकारात असा एक फोटो साधारण २६ एमबी होतो, म्हणजे शंभर फोटो अडीच जीबीच्या आसपास. जेपीईजी त्याहून खूप लहान. घरच्यासाठी उत्तम दर्जाची जेपीईजी चालते, फक्त ती फाइल पुन्हापुन्हा उघडून, कापून, रंग वाढवून त्याच नावाने सेव्ह करू नका, दर वेळी थोडा तपशील जातो. मूळ प्रत वेगळी ठेवायची आणि जी काही कारागिरी करायची ती दुसऱ्या प्रतीवर. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथेच असते.

स्कॅनर नसेल तर फोनही चालतो. खिडकीजवळ, पण थेट ऊन नसलेल्या जागी, काळ्या कापडावर फोटो सपाट ठेवा. फ्लॅश बंद. फोन फोटोला अगदी समांतर धरा. चकाकी जात नसेल तर गुगलचं फोटोस्कॅन ॲप मोफत आहे, ते वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या प्रती जोडून चकाकी काढतं.

निगेटिव्हसाठी दुसऱ्या एका फोनवर पूर्ण पांढरा पडदा लावा आणि पट्टी त्यावर थेट न ठेवता बोटभर उंच धरा, म्हणजे पडद्याचे ठिपके उमटत नाहीत. जवळून फोटो काढून रंग उलटे करा. यातून फोटोत काय आहे ते कळतं. चांगली प्रत हवी असेल तर निगेटिव्हसाठी मागून प्रकाश देणारा स्कॅनर लागतो आणि तिथे २४०० डीपीआय किंवा त्याहून जास्त घ्या.

ती इवली कीचेन सगळ्यात अवघड गेली. तिच्यात फोटोची छोटीशी पारदर्शक फिल्म असते आणि पुढे भिंग. उघडायला गेलात तर फुटते. खिडकीकडे धरून भिंगाला फोनचा कॅमेरा टेकवला आणि पंधराव्या प्रयत्नाला आतला फोटो आला: मी आणि दादा, मागे रंगवलेला धबधबा.

फाइलला नाव देताना साल आधी, मग महिना, मग जागा, मग क्रमांक, असं की सगळं आपोआप क्रमाने लागेल. तारीख नक्की नसेल तर सालावर थांबा, उगीच दिवस घालू नका. सगळ्याच्या तीन प्रती हव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत पेनड्राइव्हवर दादाकडे पुण्याला आहे. आणि नातेवाइकांना पाठवायचं तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान होतात.

घरात व्हिडिओ कॅसेट असेल तर ती आधी करा. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून चालू यंत्रं कमीच होत चालली आहेत. खिडकीतून आतल्या फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट यंत्रात घालू नका, जाणकाराकडे द्या.

कपडे आणि रबरी चीजा

टी-शर्ट धुऊन, साबण पूर्ण काढून, स्टार्च न करता, कोरडा करून ठेवा. छपाईवर इस्त्री नको आणि घडीही छपाईवर पडू देऊ नका, गुंडाळा. आईच्या जुन्या सुती लुगड्याचं धुतलेलं फडकं सगळ्यात चांगलं वेष्टन.

रबरी डायनासोर हाताला चिकट लागत होता. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य वर्षांनी बाहेर येतं, ते हे. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतलं की काही दिवस बरं, पुन्हा येतं. अशी वस्तू फोटोंना किंवा कपड्यांना लागू देऊ नका, वेगळ्या कागदात ठेवा. दिवे लागणारं खेळणं असेल तर त्यातले बटण सेल आधी काढा, गळले की सगळं खातात.

मराठवाड्यात ठेवायचं कुठे

पुस्तकी सल्ला असतो: थंड, कोरडी, अंधारी जागा. परभणीच्या मे महिन्यात थंड जागा म्हणजे काय, हे सल्ला देणाऱ्याला विचारावंसं वाटतं. पारा ४२-४३ च्या वर गेला की पत्र्याखालचा माळा भट्टी होतो, आणि आपण सगळे नेमकं तिथेच ठेवतो. पेटी खाली आणा. पश्चिमेच्या भिंतीचं कपाटही नको, ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली असते. घराच्या मधल्या खोलीतलं, आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट, त्यातला मधला कप्पा. जमिनीला टेकवून ठेवलं तर वाळवी आणि ओल दोन्ही.

आणि कूलरच्या खोलीत तर मुळीच नको. हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही, आमच्याच अल्बमवरून शिकले. कूलर हवेत पाणी सोडतो, बंद खोलीत दमटपणा वाढतो आणि फोटो एकमेकांना चिकटतात. हवेतली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असलेली बरी. ती दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. पावसाळ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत जा.

डांबरगोळ्या फोटोंजवळ नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिकला आणि फोटोला मानवत नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळलेला, कापडी पुरचुंडीत. ओला पाला बुरशी आणतो. रबरबँड काढून टाका, ते वितळून कागदाला चिकटतात. फोटोंसाठी पीव्हीसीची, वासाची पाकिटं नकोत. पॉलिप्रॉपिलीनची मिळाली तर घ्या, नाहीतर आम्लरहित कागदाची. तीही नाही मिळाली तर साधी पांढरी कोरी पाकिटं, एका पाकिटात थोडेच फोटो.

टाकायचं काय, द्यायचं कोणाला

चिठ्ठ्या नसताना टाकणं सोपं, त्या वाचल्यावर अवघड होतं. मी इतकंच ठरवलं: एकसारख्या पाच कुपनांतलं एक ठेवायचं, हललेल्या फोटोची डिजिटल प्रत ठेवून मूळ टाकायचं, आणि ज्याच्या चिठ्ठीवर महिनाभरात कोणीच काही लिहू शकलं नाही ते "माहीत नाही" पाकिटात अजून एक वर्ष.

मूळ वस्तू वाटताना भांडण होतं, ते धरूनच चला. डिजिटल सगळ्यांना सगळं, म्हणजे निम्मं भांडण मिटतं. टी-शर्ट दादाचा, तो दादाकडे. डायनासोरही त्याने हक्काने नेला, तो माझा होता तरी. वही आईकडे. ती ती वाचत नाही, चष्मा लागतो. उशाखाली ठेवते.

दरवर्षी दसऱ्याच्या सफाईला पेटी उघडायची, पुड्या बदलायच्या, कसर लागली का बघायचं, आणि त्या वेळी काही नवं आठवलं तर चिठ्ठीवर तारखेसह लिहायचं.

तर ते पस्तीस रुपये. कीचेनचा फोटो निघाल्यावर मला वाटलं, सापडलं. आई म्हणाली, नाही, कीचेन आत्याच्या यजमानांनी घेऊन दिली, पस्तीस रुपये तुला बोटीत ओकारी झाली म्हणून नवा फ्रॉक घेतला त्याचे. दादाला फोन केला. तो म्हणाला, फ्रॉक कुठला पस्तीसला येतोय, नानांनी दादरच्या फलाटावर दोन वडापाव आणि चहा घेतला होता, मी बघितलं होतं, आईला सांगू नको म्हणाले होते. वहीच्या त्या पानात आता दोन चिठ्ठ्या आहेत.